कोर्टावरचे अश्रू आणि गिरणीचा संघ : ‘अटॅक नंबर वन’ या मालिकेविषयी

चित्रकथी

जपानच्या फुजी टीव्हीवर ७ डिसेंबर १९६९ रोजी, रविवारी संध्याकाळी सात वाजता, ‘अटॅक नंबर वन’ ही अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी कार्टून) मालिका सुरू झाली आणि २८ नोव्हेंबर १९७१ रोजी १०४व्या भागाने तिचा शेवट झाला. चिकाको उरानो या तरुण लेखिकेची याच नावाची चित्रकथा १९६८पासून शुएइशा प्रकाशनाच्या ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात येत होती आणि तिच्यावरून तोक्यो मूव्ही या संस्थेने ही मालिका तयार केली. ही संस्था त्या वेळी बेसबॉलवरची मुलांची एक अतिशय लोकप्रिय मालिका करीतच होती. मात्र खेळावरच्या अ‍ॅनिमेमध्ये मुलगी केंद्रस्थानी आली ती इथेच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. व्हॉलीबॉलवरच्या नव्या मालिका पाहणाऱ्या या मंचावरच्या आपल्या तरुण सदस्यांनी या जुन्या मालिकेकडे वळावे, एवढ्याचसाठी मी हा धागा काढलेला नाही. मला या मालिकेविषयी एक मत मांडायचे आहे आणि ते इतरांच्या ज्ञानावर घासून पाहायचे आहे.

आधी कथा थोडक्यात सांगतो. कोझुए आयुहारा ही तोक्योतल्या नावाजलेल्या शाळेत व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी आजारपणामुळे फुजिमी या गावाकडच्या शाळेत येते. वर्गात तिचे लक्ष नसते, शिक्षकांच्या नजरेतून ती उतरते आणि शाळेने ओवाळून टाकलेल्या काही मुलींच्या घोळक्यात ती सामील होते. याच मुलींना हाताशी धरून ती शाळेच्या अधिकृत संघाला सामन्याचे आव्हान देते. प्रशिक्षक होन्गो यांची नजर तिच्यावर पडते आणि तिथून पुढे शाळेचा संघ, जिल्ह्याच्या आणि देशाच्या स्पर्धा, कनिष्ठ गटाचा राष्ट्रीय संघ आणि सोव्हिएत संघाशी झुंज, असा तो प्रवास वाढत जातो. मिदोरी हायाकावा ही श्रीमंत घरची मुलगी आधी तिची कट्टर प्रतिस्पर्धी असते आणि नंतर जिवाभावाची मैत्रीण होते. त्सुतोमु हा तिला आवडणारा मुलगा अपघातात जातो, तेव्हा ती खेळापासून तुटते आणि मग परत येते.

माझे मत असे की, या कथेचा जन्म शाळेच्या मैदानावर झालेला नाही. तो ओसाकाजवळच्या काइझुका या गावातल्या कापडगिरणीच्या व्यायामशाळेत झालेला आहे. निचिबो या गिरणी कंपनीचा महिला संघ हिरोबुमी दाइमात्सु या प्रशिक्षकाने १९५०च्या दशकात उभा केला. खेळाडू दिवसा कंपनीचे काम करीत, दुपार उलटल्यावर सरावाला उभ्या राहत आणि तो सराव मध्यरात्रीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालत असे. याच संघाच्या बळावर जपानने १९६२ साली मॉस्कोत सोव्हिएत संघाला त्याच्या घरच्या मैदानावर हरवून जगज्जेतेपद मिळवले. व्हॉलीबॉल हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथमच आला तो १९६४ साली तोक्योत. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी कोमाझावाच्या सभागृहात जपानच्या महिलांनी सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ तीन सेटमध्ये हरवले. त्या संध्याकाळी तोक्योभोवतीच्या कांतो भागात या प्रक्षेपणाचे प्रेक्षकप्रमाण ६६.८ टक्के होते आणि खेळाच्या प्रक्षेपणात तो आकडा आजवर ओलांडला गेलेला नाही. ‘अटॅक नंबर वन’ पाहायला बसलेल्या कितीतरी मुलींनी तो सामना आईवडिलांच्या शेजारी बसून पाहिलेला असणार, हे ध्यानात घेतल्याशिवाय ही मालिका नीट कळत नाही.

आता चित्रकथेने काय बदलले ते पाहा. गिरणी गेली आणि शाळा आली. संघनायिका मासाए कासाई ऑलिंपिकच्या वेळी एकतीस वर्षांची होती, नोकरी करणारी प्रौढ स्त्री होती. तिच्या जागी शाळेच्या गणवेशातली किशोरी आली. वरवर पाहता हा वाचकवर्गाला धरून केलेला साधा बदल आहे, परंतु त्यामुळे कष्टांचा अर्थच पालटतो. कासाई आणि तिच्या सहकारी १९६२च्या विजयानंतर निवृत्त होणार होत्या. घरसंसाराचे वय निघून चालले आहे, असे त्यांना वाटत होते आणि समाजही तेच म्हणत होता. मात्र तोक्यो ऑलिंपिक तोंडावर असल्याने तोच समाज त्यांना थांबा, खेळा, असाही आग्रह करीत होता. त्यांच्या कष्टांवर कंपनीचा, प्रशिक्षकाचा आणि देशाचा हक्क आधीच सांगितलेला होता. कोझुएवर असा हक्क सुरुवातीला कुणाचाच नाही. ती आजारी आहे, तिने खेळू नये असेच मोठ्यांना वाटते, आणि तरीही ती चेंडू हातात घेते. उरानो यांनी कष्टांची मालकी त्या मुलीच्या हाती दिली आणि या मालिकेची खरी थोरवी मला इथेच दिसते.

योगायोगाची एक गोष्टही नोंदवतो. ऑक्टोबर १९६९मध्ये निचिबो कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळली आणि युनिटिका हे नवे नाव घेऊन उभी राहिली. मालिका डिसेंबरमध्ये पडद्यावर आली. निचिबो हे नाव गिरणीच्या फाटकावरून उतरले आणि त्याच हिवाळ्यात तिथल्या व्यायामशाळेची कथा घराघरांत पोहोचली.

आपल्याला काय वाटते, हे सविस्तर लिहावे. या मालिकेतल्या रडण्याविषयी मला विशेष उत्सुकता आहे, कारण तिच्यावर सर्वाधिक टीका तिथेच होते.

नेटपलीकडे

मी बराच काळ व्हॉलीबॉल खेळलो आणि आता शाळकरी मुलींना शिकवतो, म्हणून खेळाच्या अंगाने लिहितो. ही मालिका आज पाहताना आधी त्या काळचे नियम लक्षात घ्यायला हवेत. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळत असे आणि सेट १५ गुणांचा होता. प्रत्येक रॅलीला गुण आणि २५ गुणांचा सेट ही पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीत दिसली. लिबेरो हा केवळ बचावासाठीचा खेळाडूही १९९८च्या सुमारासचाच. ब्लॉकला, म्हणजे फटका अडवायला जाळीजवळ उंचावलेल्या हातांना, लागलेला चेंडू १९७६पर्यंत संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी एक धरला जाई, म्हणजे ब्लॉकनंतर संघाच्या हाती दोनच स्पर्श उरत.

याचा परिणाम असा की, जुन्या पद्धतीत सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राही आणि गुणफलक जागचा हलत नसे. चौदा गुणांवर पोहोचलेला संघ विजयाच्या एका गुणासाठी कितीतरी वेळ झगडू शकत असे. तोक्योतल्या अंतिम सामन्याचा तिसरा सेट नेमका असाच झाला. विजयाचा गुण पुनःपुन्हा हुकत राहिला आणि अखेरीस सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेल्याने सामना संपला. मालिकेत एकच सेट दोन-तीन भाग चालतो, हा ताण कृत्रिम आहे, असे नव्या प्रेक्षकांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्या काळच्या नियमांतच तो ताण भरलेला होता आणि दिग्दर्शकांनी तो ओळखून वापरला.

दुसरी गोष्ट रिसीव्हची, म्हणजे समोरून आलेला चेंडू उचलण्याची. निचिबोच्या संघाने प्रसिद्ध केलेला गोलांटीचा रिसीव्ह, म्हणजे चेंडूखाली झेपावायचे, चेंडू उचलायचा, खांद्यावरून गडगडायचे आणि त्याच ओघात पायांवर उभे राहायचे. ढकलले तरी उभी राहणारी जपानी बाहुली पाहून दाइमात्सु यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. उंचीने मोठ्या असलेल्या सोव्हिएत खेळाडूंच्या फटक्यांपुढे जाळीजवळ उंची पुरणार नाही, हे ओळखून जपानने जमिनीलगतची लढाई निवडली. मालिकेत हा रिसीव्ह वारंवार येतो आणि १९७० साली तिचे भाग जोडून चित्रपटगृहांसाठी जे छोटे चित्रपट काढले गेले, त्यांतल्या एकाच्या नावातच अश्रू आणि गोलांटीचा रिसीव्ह शेजारी शेजारी आहेत. तरंगत येऊन अचानक खाली पडणारी, झाडाचे पान गळावे तशी सर्व्हिस हीसुद्धा काल्पनिक नव्हे. चेंडूला फिरकी न देता मधोमध कडक हात मारला की हवेच्या दाबाने तो डगमगतो आणि नेमका कुठे पडेल, हे समोरच्याला कळत नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना हे भाग दाखवतो आणि त्यातला शास्त्राचा भाग कुठे संपतो आणि चित्रकाराचे स्वातंत्र्य कुठे सुरू होते, हे त्यांनाच शोधायला सांगतो. मालिकेतल्या तिघी यागिसावा बहिणींचा एकत्रित हल्ला पाहून त्या हसतात, पण पुढच्या सरावात तिघी एकदम धावून दोघींनी केवळ हुलकावणी द्यायची, ही युक्ती करून पाहतात आणि ती युक्ती खऱ्या खेळात चालते.

परखड

धागाकर्त्यांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला त्याच्या मध्यवर्ती मुद्द्याला ठाम विरोध नोंदवायचा आहे. कष्टांची मालकी कोझुएकडे आली, असे आपण म्हणता. ती आली असेल तर ती किती काळ टिकली? पहिल्या काही भागांत ती स्वतः ठरवते हे मान्य, पण राष्ट्रीय संघात गेल्यावर प्रशिक्षक इनोकुमा जे करतात त्याला दुसरा शब्द नाही, तो छळ आहे. जखमी हाताने खेळवणे, कोसळलेल्या मुलीवर चेंडूंचा मारा करणे, तिच्या अपमानाला शिक्षण म्हणणे, आणि हे सर्व सोसल्यावर त्या मुलीने प्रशिक्षकाचे आभार मानणे, हे सूत्र पुन्हा पुन्हा येते. प्रेक्षक म्हणून बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळते? मोठ्या माणसाने मारले तर त्यामागे प्रेम असते, हेच.

हा केवळ पडद्यावरचा प्रश्न नाही. जपानच्या पंधरा अव्वल महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध जपान ऑलिंपिक समितीकडे तक्रार केल्याचे जानेवारी २०१३मध्ये उघड झाले, तेव्हा सारा देश हादरला. खेळातली जिद्द आणि खेळातली मारहाण यांची जी सरमिसळ त्या समाजात कित्येक दशके चालत आली, तिला या प्रकारच्या कथांनी सौंदर्य दिले, असे माझे मत आहे. मालिका सुंदर आहे म्हणूनच हे बोलणे आवश्यक आहे. ती वाईट असती तर कुणावर तिचा परिणामच झाला नसता.

चित्रकथी

परखड, आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो आणि त्यातला मोठा भाग मला मान्य आहे. इनोकुमा यांच्या भागांचे समर्थन मी करणार नाही. मला फक्त एक फरक दाखवायचा आहे. मुलांच्या बेसबॉल मालिकेत वडील लहानपणापासून मुलाला घडवतात आणि मुलाचे आयुष्य म्हणजे वडिलांच्या अपुऱ्या स्वप्नाचा विस्तार होतो. कोझुएच्या घरात असा कुणी नाही. तिला कुणाचे स्वप्न पुरे करायचे नाही, आणि म्हणून ती अनेकदा प्रशिक्षकांच्या विरोधात उभी राहते, सहकाऱ्यांची बाजू घेते, संघ सोडते, परत येते. ती सोडून जाऊ शकते, ही शक्यता मालिका शेवटपर्यंत जिवंत ठेवते. काइझुकाच्या खेळाडूंना ती तितकीशी नव्हती.

गिरणगाव

माझे घराणे मुंबईच्या गिरणीकामगारांचे, म्हणून या धाग्यातला गिरणीचा उल्लेख वाचून थांबलो. काही गोष्टी स्पष्ट करतो, कारण ‘गिरणीतल्या मुली’ म्हटले की यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुली डोळ्यांपुढे येतात. जपानी सूतगिरण्यांत खेड्यांतून आलेल्या मुली आवारातल्या वसतिगृहांत राहत आणि त्यांच्या मोकळ्या वेळेसाठी म्हणून कंपन्यांनी व्हॉलीबॉल वाढवला, हे खरे आहे. परंतु १९६४च्या सुमाराच्या निचिबोच्या नामांकित खेळाडू प्रामुख्याने कचेरीतले काम करीत. म्हणजे खेळाची मुळे यंत्रशाळेत होती, पण अव्वल संघ तयार होईपर्यंत तो कंपनीच्या नावाचा झेंडा झालेला होता. या संघाने ओळीने २५८ सामने जिंकले आणि १९६६ साली याशिका या कॅमेरा कंपनीच्या संघाने ती विजयमालिका तोडली. दिवसभर कचेरी आणि रात्रभर सराव करणाऱ्या संघाचा हा आकडा आहे, हे विसरू नये.

जाता जाता एक जुना धागाही सांगतो. ओसाकाच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय कापसावर मोठ्या प्रमाणात चालत आणि १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पोन युसेन या जपानी कंपनीची मुंबई ते कोबे ही जहाजसेवा सुरू झाली, ती मुख्यतः या कापसासाठीच. ज्या उद्योगातून पुढे हा संघ उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत आपल्या बंदरातून गेलेल्या गासड्या होत्या.

दाइमात्सु यांच्याविषयी बोलताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि १९४४च्या इंफाळ मोहिमेतून जिवंत परतलेल्या मोजक्या सैनिकांपैकी होते. मणिपूरच्या डोंगरांत त्या मोहिमेत जपानी सैन्याची जी वाताहत झाली, उपासमार आणि रोगराईने रस्त्यांच्या कडेला जे मृतदेह पडले, ते पाहिलेला हा माणूस पुढे मुलींना सांगत असे की, माणूस आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक सोसू शकतो. मला त्यांच्या पद्धतीचे समर्थन करायचे नाही. पण परखड यांनी ज्या सरमिसळीचा उल्लेख केला आहे तिचा उगम शोधायचा तर तो मला शाळेत किंवा चित्रकथेत सापडत नाही, तो त्या डोंगरात सापडतो. हरलेल्या सैन्याची शिस्त व्यायामशाळेत आली, तिथून ऑलिंपिकच्या सभागृहात गेली आणि तिथून रविवारच्या संध्याकाळी लहान मुलींच्या कथेत उतरली.

कासाई यांच्या लग्नाची हकिगतही याच काळाची साक्ष आहे. सुवर्णपदकानंतर पंतप्रधान एइसाकु सातो यांनी पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी संरक्षण दलातल्या एका गृहस्थांचे स्थळ सुचवले आणि १९६५ साली ते लग्न झाले. देशासाठी संसार लांबवलेल्या स्त्रीचा संसार देशाच्या पंतप्रधानाने मांडून द्यावा, यात त्या समाजाचे ऋण आणि त्याचा ताबा, दोन्ही दिसतात.

पो_नदीकाठी

मी उत्तर इटलीत राहते आणि इथला अनुभव वेगळा असल्यामुळे लिहावेसे वाटले. इटलीत ही मालिका १९८०च्या दशकात पोहोचली. कोझुएचे नाव इथे मिमी आयुहारा झाले आणि माझ्या वयाच्या इटालियन बायका आजही तिचा उल्लेख घरातल्या मुलीसारखा करतात. तिने मनगटांत साखळ्या अडकवून केलेला सराव इथे एका पिढीच्या आठवणीत रुतून बसलेला आहे. १९८४ साली जपानमध्ये व्हॉलीबॉलवरचीच ‘अटॅकर यू!’ ही ५८ भागांची निराळी मालिका आली. तिचा या कथेशी काहीही संबंध नव्हता, पण इटालियन रूपांतरात तिची नायिका मिला हिला मिमीची चुलतबहीण करून टाकले. पुढे जर्मनीत ‘अटॅक नंबर वन’ दाखवली गेली तेव्हा कोझुएचेच नाव मिला ठेवले गेले, आणि त्यामुळे युरोपात दोन देशांतल्या मैत्रिणी ‘मिला’विषयी बोलू लागल्या तर त्या दोन वेगळ्या मुलींविषयी बोलत असतात.

माझ्या मुलीच्या क्लबमध्ये मुलींना शिकवणाऱ्या बाई सांगतात की, त्यांच्या लहानपणी मैदानावर आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी या दोन मालिका पाहून आलेल्या होत्या. इटलीत महिलांचा व्हॉलीबॉल आज जितका मोठा आहे त्याचे श्रेय एका कार्टूनला देणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे क्लबांचे जाळे आहे, शाळांचे काम आहे. पण पहिल्या दिवशी मैदानावर यावेसे का वाटले, या प्रश्नाचे उत्तर अनेकींच्या बाबतीत तेच आहे. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मी हे जोडीन की, इथल्या मुलींना निचिबो ठाऊक नव्हते, १९६४चा सामना ठाऊक नव्हता, सोव्हिएत संघाविषयीची जपानी भावना ठाऊक नव्हती. गिरणी आणि देश हे दोन्ही वजा केल्यावर त्यांच्या हाती जी मुलगी उरली, ती त्यांना पुरेशी होती.

रेषा_आणि_रंग

चित्रणाविषयी कुणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. एइजी ओकाबे आणि फुमिओ कुरोकावा यांच्या दिग्दर्शनातली ही मालिका आठवड्याला एक भाग या वेगाने, मर्यादित चित्रांत तयार झाली. त्या मर्यादेतून त्यांनी एक भाषा घडवली. चेंडू हातातून सुटतो, पार्श्वभूमी नाहीशी होऊन तिच्या जागी रेषांचा झोत येतो, डोळ्यांत चमक उभी राहते, मनातले वाक्य ऐकू येते, आणि चेंडू अजून हवेतच असतो. घड्याळाचा काळ थांबतो आणि खेळाडूच्या मनातला काळ सुरू होतो. चळतीने चित्रे काढण्याइतका पैसा आणि वेळ असता तर कदाचित त्यांनी खेळ हुबेहूब दाखवला असता आणि मग हा मनाचा भाग हरवला असता.

दाइमात्सु यांचा प्रत्यक्ष सराव नोबुको शिबुया या दिग्दर्शिकेने चित्रित केला होता आणि त्या लघुपटाला १९६४ साली कान महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०२१ साली ज्युलियन फारो या फ्रेंच दिग्दर्शकाने काइझुकाच्या खेळाडूंवर माहितीपट केला, तेव्हा त्याने जुन्या चित्रणाच्या शेजारी या मालिकेतली दृश्ये अशी बसवली की झेप खऱ्या खेळाडूची सुरू होते आणि रेखाटलेल्या मुलीच्या अंगाने जमिनीवर पोहोचते. धागाकर्त्यांच्या म्हणण्याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

आता रडण्याविषयी. ताकेओ वातानाबे यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत कुमिको ओसुगी यांनी गायले आहे. १९७९च्या डोरेमॉन मालिकेचे मूळ जपानी शीर्षकगीतही त्यांचेच. या गीतात मध्येच सूर थांबतात आणि कोझुएचा आवाज देणाऱ्या कुरुमी कोबातो एक वाक्य नुसते बोलतात. मैदानात कितीही सोसले तरी चालते, पण मुलगी असल्यामुळे डोळ्यांत पाणी येतेच, असा त्याचा आशय. आज हे वाक्य अनेकांना खटकते आणि का खटकते ते समजतेही, कारण अश्रूंचे कारण म्हणून मुलगीपण पुढे केले आहे. पण त्याच काळातल्या मुलांच्या बेसबॉल मालिकेतला नायक तर धबधब्यासारखा रडतो आणि त्यासाठी त्याला कारण द्यावे लागत नाही. म्हणजे रडतात दोघेही, स्पष्टीकरण मात्र एकटीकडून घेतले जाते. मालिकेचे खरे उणेपण मला इथे वाटते, मुलगी रडते यात नव्हे.

परखड

रेषा_आणि_रंग यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. गिरणगाव यांनी इंफाळचा संदर्भ दिला त्याबद्दलही आभार; त्याने माझा आक्षेप कमी होत नाही, पण त्याचा पत्ता बदलतो. एक भर घालतो. जपानच्या माजी राष्ट्रीय खेळाडू नाओमी मासुको २०१५पासून लहान मुलांसाठी व्हॉलीबॉलची अशी स्पर्धा भरवतात, जिच्यात प्रशिक्षकांनी रागवायचे नाही हा नियम आहे. ज्या खेळात ही सरमिसळ सर्वांत घट्ट झाली, त्याच खेळातल्या एका स्त्रीने ती सोडवायला घेतली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लेकीची_आई

माझी लेक बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते आणि व्हॉलीबॉलवरच्या नव्या जपानी मालिका तिने पाहिलेल्या आहेत. वरची सर्व चर्चा वाचल्यावर तिला ही मालिका दाखवावी की नाही, याविषयी माझ्या मनात गोंधळ आहे. नेटपलीकडे आणि धागाकर्ते, दोघांनीही कृपया स्पष्ट मत द्यावे. १९७०मधल्या जपानी आयांनी ती आपल्या मुलींसोबत कशी पाहिली असेल, हेही जाणून घ्यायला आवडेल.

नेटपलीकडे

ताई, जरूर दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. शाळेच्या संघाचे सुरुवातीचे भाग ती सहज पाहील. मिदोरी आणि कोझुए यांच्यातली चुरस तिला सर्वाधिक भिडेल, कारण संघात आलेली नवी चांगली खेळाडू आपली जागा घेईल का, ही भीती त्या वयातल्या प्रत्येक मुलीला असते आणि तिच्याविषयी मोठ्यांशी बोलता येत नाही. राष्ट्रीय संघाचे भाग आले की थांबून विचारा, की हा प्रशिक्षक तुला आपल्या शाळेत चालेल का. माझ्या विद्यार्थिनींनी एकमुखाने नाही म्हटले होते. दुखऱ्या हाताने खेळणे हे शौर्य नाही, ती दुखापत वाढवण्याची खात्रीची रीत आहे, हेही तिला सांगा.

चित्रकथी

लेकीची_आई, आयांविषयी आपण विचारले ते योग्यच, कारण चर्चेत तो भाग राहून गेला होता. १९६४च्या विजयानंतर जपानमध्ये गृहिणींच्या व्हॉलीबॉलची मोठी लाट आली. शाळांच्या व्यायामशाळांत संध्याकाळी बायका जमू लागल्या आणि १९७० साली, म्हणजे मालिका चालू असतानाच, गृहिणींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ती आजही ‘मामासान व्हॉलीबॉल’ म्हणून ओळखली जाते. तेव्हा रविवारी संध्याकाळी मुलीशेजारी बसलेली आई अनेक घरांत केवळ प्रेक्षक नव्हती, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना खरचटलेले असे. या बायकांना पदक नको होते, कंपनी नव्हती, देश पाहत नव्हता. शेजारणींसोबत खेळायचे म्हणून त्या खेळत. पो_नदीकाठी यांनी लिहिलेल्या इटालियन मुलींप्रमाणेच यांनीही त्या खेळातून आपल्याला हवे तेवढे उचलले होते.

आपण लेकीबरोबर पाहायला बसाल तेव्हा पहिला भाग घाईने संपवू नये. शाळेने नाकारलेल्या मुली कोझुएच्या मागे उभ्या राहून पहिल्यांदा सराव करतात, त्यांना चेंडू नीट उचलताही येत नाही, आणि कुणीही त्यांना तसे करायला सांगितलेले नसते. माझे सगळे म्हणणे त्या प्रसंगावर उभे आहे. तो पाहून आपल्याला आणि विशेषतः आपल्या लेकीला काय वाटले, हे इथे अवश्य लिहावे.